मुदत न बोललेला नवस

माय,

तुझ्या पायांबद्दल लिहायचं आहे. इतकी वर्षं मी जंतांबद्दल लिहिलं, फुप्फुसांबद्दल लिहिलं, उंदरांबद्दल तर इतकं लिहिलं की एखाद्या उंदराला वाचता आलं असतं तर तो खूश झाला असता. तुझ्या पायांबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं. शिकायला बाहेर होते तेव्हा माझं पत्र आलं की धाकटी तुला वाचून दाखवायची, आणि वाचताना मधली चार वाक्यं पदरची घालायची, हे मला नंतर कळलं. आता तू नाहीस, आणि हे पत्र धाकटीच्या तर मुळीच हाती पडायला नको. म्हणजे पाठवायला पत्ता नाही, वाचायला माणूस नाही, तरी मी लिहायला बसले आहे. देऊळघाटला तिच्याच घराच्या ओसरीवर बसले आहे. ती शेतात गेली आहे, सोयाबीन सोंगणीला आलंय. मला चार पावलं चाललं की दम लागतो, म्हणून मी घर राखते. दोन वाक्यं लिहिली की थांबून श्वास घ्यावा लागतो, तेव्हा पत्र तुटक वाटलं तर समजून घे.

मी तिसरीत असेन. आपलं शेत बीबी गावाच्या अलीकडे, नाल्याला लागून. सकाळी अर्धं गाव हातात डबा घेऊन त्या नाल्याच्या काठाला जायचं, आणि त्याच काठावरून ऊन चढल्यावर आपण निंदायला जायचो. पाऊस पडून गेलेला, माती ओली आणि कोमट. मी तुझ्यामागून अनवाणी चालते आहे, पायाखाली चिखल पचपचतो आहे, आणि मला ते फार आवडतं आहे. संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, बारीक लाल पुरळ येतं. तू म्हणतेस चिखल्या झाल्या, आणि चिमणीतलं घासलेट बोटावर घेऊन चोळतेस. पुरळ जातं. मग आठवडाभराने खोकला सुरू होतो, कोरडा, घशात केस अडकल्यासारखा. तू म्हणतेस थंडी बाधली. खोकला वेगळा, खाज वेगळी, आणि पुढे कित्येक महिन्यांनी येणारा अशक्तपणा त्याहून वेगळा. तीन दुखणी आणि तीन औषधं. तो एकाच जंताचा प्रवास आहे हे आपल्या गावात कुणाला कळायचं कारण नव्हतं. मातीतली ती अळी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती पायाच्या कातड्यातून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात येते, तिथून खोकल्याबरोबर घशात चढते, आणि आपणच तिला गिळून पोटात पोचवतो. पोटात गेली की आतड्याला तोंड लावून वर्षानुवर्षं रक्त पीत बसते.

त्या वर्षी माझा खोकला काही केल्या थांबेना. लोणारच्या दवाखान्यातलं लाल औषध संपलं, अडुळशाचा काढा झाला, छातीला मोहरीचं तेल झालं. शेवटी नवरात्रात तू मला घेऊन तळ्याकाठच्या देवीला गेलीस. तळं खोल विवरात, वरच्या कडेपासून खाली उतरायचं, झाडीतून, दगडांतून. शेजारची म्हातारी बरोबर होती. देवीपुढे तू पदर पसरलास आणि म्हणालीस, "माय, माह्या पोरीचा खोकला जाऊ दे. मी पायात काई घालनार नाई." मी तुझ्या कमरेला धरून खोकत होते. परत चढताना, अर्ध्या वाटेत, म्हातारी थांबली. "किती दिवसाचं बोलली वं?"

"दिवस?" तू म्हणालीस. "दिवस त नाई बोलली."

"मंग झालं. दिवस नाई बोलली त जलमभर झालं ते."

तू एकदा मागे वळून खाली बघितलंस. देऊळ झाडीत दिसत नव्हतं, तळ्याचं हिरवट पाणी तेवढं दिसत होतं. मग माझ्याकडे बघितलंस, वर राहिलेल्या चढाकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "आता परत कोन उतरते?" एवढ्यावर तुझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागला. नंतर कधीतरी पुजाऱ्याला विचारलं असतंस तर त्याने नवस नारळावर सोडवून दिला असता. पण बोलून बसलेला शब्द नारळावर सोडवून घेणं तुला लबाडी वाटायची. आणि दुखणंही असं बेरकी, की आपण घरी आलो आणि माझा खोकला खरंच थांबला. तो थांबणारच होता गं. अळ्या तोवर पोटात उतरल्या होत्या, फुप्फुसातलं त्यांचं काम संपलं होतं. पण हे तुला कोण सांगणार? तू देवीला हात जोडलेस, चपला धुतल्यास, आणि शेजारच्या म्हातारीला देऊन टाकल्यास. तिला त्या मोठ्या होत होत्या, तरी तिने नेल्या.

तुझ्या पायातल्या चपला सुटल्या आणि माझ्या पायात नव्या आल्या, हे मला आता हिशेबासारखं दिसतं. त्या वेळी दिसलं नाही. "पोरीच्या पायात कायमचं काईतरी असू दे," असं तूच बाबांना सांगितलंस. मी बंदाच्या चपला घालून शेतात यायचे आणि तू पुढे अनवाणी. नवरात्रापुरत्या चपला सोडणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, दसरा झाला की त्या परत घालायच्या. तुझा दसरा कधी आलाच नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर तुझे पाय रोज खाजायचे. खोकला तर इतका सवयीचा झाला की तो आला की बाबा म्हणायचे, निंदण सुरू झालं.

मग तू पांढरी पडत गेलीस. एकदम नाही. आधी नखं, मग ओठ, मग डोळ्यांच्या खालच्या कडा. पाण्याचा हंडा आणताना मधेच टेकायला लागलीस. लोक म्हणायचे, उजळली बाई, आणि तू लाजायचीस. मी सातवी-आठवीत असताना एकदा शाळेतून लवकर आले, तर तू चुलीपुढे बसली होतीस. चूल नुकतीच सारवलेली. तू तिच्या कडेचा वाळलेला पोपडा नखाने काढलास, तोंडात टाकलास आणि डोळे मिटून चघळत राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी बघितलं नव्हतं, पुरणपोळी खातानासुद्धा नाही. मी हसले. तू दचकलीस, आणि मग मला पाठीत एक धपाटा घातलास. "कोनाले सांगशीन त याद राख!" मी कुणाला सांगितलं नाही. रक्त कमी झालं की माणसाला माती खावीशी वाटते, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. ते वाचताना तुझा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा समोर आला आणि मी ग्रंथालयातून उठून बाहेर गेले.

नववीच्या शास्त्राच्या पुस्तकात त्या जंताचं चित्र होतं. पायातून शिरतो, असं बाणाने दाखवलेलं. मी पुस्तक उघडून तुझ्यापुढे धरलं, बाण दाखवला, पोट दाखवलं, आणि पुढाऱ्याच्या थाटात सांगितलं की उद्यापासून चप्पल घालायची. तू भाकरी थापत होतीस. चित्राकडे नीट बघितलंस, अगदी वाकून बघितलंस.

"हे असं किडूक माह्या पोटात हाये?"

"एक नाही, पुष्कळ."

"आन् तुह्या पोटात?"

"मी गोळी खाल्ली शाळेत. आणि मी चप्पल घालते ना."

"मंग झालं त," तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. "ज्याच्यासाठी बोलली ते भेटलं मले. आता देवीले काय सांगू, पोरीनं पुस्तक वाचलं म्हनून नवस मोडतो?" मी रडले, चिडले, जेवले नाही. तू मला जेवायला बोलवायला आली नाहीस. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून मी तुझ्यासाठी गोळी आणली, ती मात्र मुकाट्याने घेतलीस. गोळीविषयी देवीला तू काही बोलली नव्हतीस ना. चार-सहा महिने तुला बरं गेलं, ओठांना रंग आला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. गोळी जंत मारते, माती मारत नाही.

मी बारावीनंतर बुलडाण्याला शिकायला निघाले तेव्हा तू मला पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन दिलेस. मेहकरच्या दुकानात आपण दोघी बसलो आहोत. दुकानदार माझ्या पायात एकामागून एक जोड चढवून बघतो आहे आणि तू अंगठ्यापाशी दाबून म्हणते आहेस, अजून थोडा ढिला पाहिजे, पाय वाढतीन. मी अठरा वर्षांची, माझे पाय कुठून वाढणार होते? शेवटी दुकानदाराने तुझ्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा, भेगांत काळी माती. तो भला माणूस होता, म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी दाखवू एखादी साधी?" तू पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतलेस आणि मोठ्याने हसलीस. "मले कायले? मी कुठं जातो?"

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस. बाबांचा निरोप आला तेव्हा तुला बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. पायांवर सूज, पोटावर सूज, उशाला तीन उशा, कारण आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, रक्त इतकं पातळ झालंय की हृदय ते फिरवून फिरवून थकलं. एक पिशवी चढवली, अगदी थेंबाथेंबाने. दुसरी लावायच्या आत तू गेलीस. तुझे पाय चादरीबाहेर होते. आठ दिवस खाटेवर असल्यामुळे ते स्वच्छ झाले होते, आणि इतके पांढरे की मला ते ओळखू आले नाहीत. धाकटी तेव्हा दहावीत होती. ती तुझ्या पायांशी बसून राहिली, तिला उठवायला दोन बायका लागल्या.

पुढे मी काय केलं ते तुला सांगते, चुलीपुढे बसून सांगितलं असतं तसं. आपल्या फुप्फुसात आतून एक पातळ ओल असते. त्या ओलीत एक प्रथिन तरंगत असतं, फुप्फुसच ते तयार करतं. त्याला चार हात, आणि हाताच्या टोकाला तीन तीन बोटं समज. त्याला डोळे नाहीत, नाक नाही. ते फक्त साखर ओळखतं. चहातली साखर नव्हे. प्रत्येक जिवाच्या अंगावर, अगदी त्या अळीच्यासुद्धा, निरनिराळ्या साखरांची लव असते. आपल्या स्वतःच्या पेशींवरही असते, पण तिची टोकं वेगळ्या तऱ्हेने झाकलेली असतात, म्हणून हे प्रथिन आपल्या पेशींना धरत नाही. परक्याच्या अंगावरची साखर लागली की मात्र चिकटतं. आघाड्याचं बी लुगड्याला चिकटतं ना, तसं. एक बी झटकलं की पडतं, पण शंभर चिकटली की लुगडं जागचं हलत नाही. या प्रथिनाचंही तसंच, एका बोटाची पकड अगदी कच्ची, सगळी मिळून धरली की घट्ट. मग त्या खुणेवर फुप्फुसातल्या भक्षक पेशी धावून येतात आणि अळीला बिलगतात. अळी मंदावते. पोटात पोचली तरी तिच्यात पहिला जोर राहत नाही. उंदरांत हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. तुझ्या जंताचा भाऊबंद असलेला एक जंत उंदराला होतो, त्याच्यावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

मला वाटायचं, हे प्रथिन बाहेर तयार करू, फवाऱ्यातून छातीत देऊ, आणि पायातून शिरलेल्याला फुप्फुसातच अडवू. चप्पल घाल म्हणून कुणाला सांगायलाच नको. मुलाखतीत लोक विचारायचे, या विषयाकडे कशा वळलात, आणि मी सांगायचे, कुतूहल. पण ते प्रथिन इतकं भोळं आहे, माय. उंदराच्या फुप्फुसात अळी येते तेव्हा तिच्या अंगावर जुनं कातडं असतं, त्यावर याची पकड नीट बसत नाही. तिथे ती कात टाकते. नव्या कातड्यावरची साखर याला लगेच ओळखू येते, पण तोवर तिची निघायची वेळ झालेली असते. येताना ओळख पटत नाही, जाताना पटते. आणि एकदा भोगून झालं की पुढची अळी अडवणं उंदराला जमतं, ते माणसाला जमत नाही. माणसाचं शरीर दरवर्षी तीच अळी भोगतं, दरवर्षी खोकतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. तुझ्या छातीत ते प्रथिन होतं. दर निंदणीला ते चिकटत असणार, चिकटत असणार आणि हरत असणार. मी आयुष्यभर त्या हरण्याचे फोटो काढले.

पैसे देणाऱ्या समितीपुढे शेवटचं उभी राहिले तेव्हा एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यावर स्वस्तातली गोळी आहे. आणि एवढं करण्यापेक्षा गावात संडास बांधा, चपला वाटा." मी इतक्या मोठ्याने हसले की ते बिचारे ओशाळले. त्यांचं खरंच होतं. काम बंद झालं, उंदीर दुसऱ्या खोलीत गेले, मी शिकवण्यापुरती उरले.

त्यानंतर मला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग सपाटीवर. मग तो कोरडा खोकला, घशात केस अडकल्यासारखा, आणि मी वेडीने आधी पायांच्या बोटांची बेचकी तपासली. जंत नव्हता. माझी फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, भाकरी शिळी होऊन वातड व्हावी तशी. कारण सापडत नाही. औषधाने वेग कमी होतो, झालेलं मागे फिरत नाही. एका दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसताना मी माझंच रक्त तपासलं. फुप्फुस फाटत चाललं की ते प्रथिन जागा सोडून रक्तात उतरतं, हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. तपासणीच्या प्लेटमधली माझ्या रक्ताची खाच गर्द पिवळी झाली, म्हणजे ते प्रथिन रक्तात भरपूर होतं. ज्याच्यामागे मी जन्म घालवला ते माझ्या रक्तात हिंडत होतं, तिथे त्याला धरायला काहीही नव्हतं. मी ती प्लेट धुतली आणि नोकरी सोडायचा अर्ज लिहिला.

मी एकटी, म्हणून धाकटीने हट्टाने इकडे आणलं. ऐन पावसाळ्यात आले. गाडीतून उतरले तर ती दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला. आता ती चाळिशीची आहे, माय, आणि कपाळावर आठ्या घालते त्या तुझ्या आहेत. तिने पाणी टाकलं तसं माझं लक्ष खाली गेलं. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, घाईत आली असेल. संध्याकाळी ती तशीच शेतात गेली आणि तशीच आली.

"चप्पल कुठे तुझी?"

ती पाय धुवत होती. "देवीले बोलली मी. तुह्यासाठी."

मी काही बोलायच्या आत तिने हात वर केला. "थांब. मायसारखं नाई केलं म्या. मुदत बोलली. नीट दोनदा बोलली, देवीले आयकू जाईन अशी." तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता. "तू बरी होयेपर्यंत. बस. तू बरी झाली का त्याच दिवशी नारळ फोडतो अन् चप्पल घालतो."

तिला खरं काय सांगू? की या मुदतीला शेवट नाही, की असलाच तर तो वेगळाच आहे, आणि तोवर तिचे किती पावसाळे जातील ते मलाही ठाऊक नाही? मी तिला सगळं समजावलं, बाण काढून, चित्र काढून. आता घरोघरी संडास आहेत, पण शेताच्या कडेला अजून गडीमाणसं बसतातच, तेही सांगितलं. ती म्हणाली, "तू शिकलेली हायेस, तुह्यं खरं असंन. गोळी दे, गोळी खातो मी. चप्पल नाई." नर्सबाईंनी गेल्या महिन्यात तिचं बोट टोचून बघितलं, रक्त कमी आहे म्हणाल्या. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड फिकी झाली होती. तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "काऊन पाहून राह्यली अशी? मी का बिमार हावो?"

एक उपाय होता, आणि तो मला पहिल्याच आठवड्यात सुचला. मी बरी झाले असं तिला सांगायचं. एवढंच. काल तपासणीची तारीख होती. ती सोबत येत होती, मी सोंगणीचं निमित्त करून तिला घरी ठेवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला, आणि ऑक्सिजनचं मशीन घरी आणून ठेवा म्हणाले. परत येताना काळीपिवळीत मी ते खोटं घोटून पाठ केलं. डॉक्टर म्हणाले बरी झालीस. औषधं बंद केली. खोकला काय, तो राहतो थोडा मागे. चल, नारळ आण. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेसुद्धा ठरवलं. शेजारी बसलेल्या बाईने मला स्वतःशी पुटपुटताना बघून जरा सरकून जागा केली.

फाट्यावर ती उभी होती. तापलेल्या खडीवर, एकदा हा पाय उचलून एकदा तो. मी उतरायच्या आतच तिने पिशवी ओढून घेतली.

"काय म्हनला वं डॉक्टर?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचा सगळा जीव डोळ्यांत आला होता.

"फरक आहे म्हणाले," मी म्हटलं. "पण वेळ लागेल अजून."

"म्हनलं नव्हतं मी?" ती म्हणाली आणि पिशवी डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली, खडीवरून, भरभर, जणू पायाखाली काही नव्हतंच.

तिला वाचवणारं खोटं माझ्या जिभेवर तयार होतं आणि मी दुसरंच बोलले. तिने चप्पल घातली की मी बरी होणार असं धरून चालणारं या जगात कुणी उरत नाही. डॉक्टर नाही, मी तर नाहीच. ती अनवाणी फिरते तोवर एक माणूस आहे. मला ते हवं आहे, माय. तुझा नवस मी मागितला नव्हता. हा मी चालू ठेवला आहे, पापणीआडचा रंग बघूनसुद्धा. हे पत्र ती यायच्या आत चुलीत जाईल. पुढच्या तारखेला तिला बरी झाले म्हणून सांगेन, असं शेवटी लिहायचं मनात होतं, पण मी सांगणार नाही.